नानाशेठच्या देवळाची घरपट्टी

घरपट्टी वसूल करणाऱ्या बाईला हळदीकुंकवाला कुणी मनापासून बोलावत नाही. बोलावलंच, तर हातावर तिळगूळ ठेवता ठेवता यजमानीण हळूच विचारते, "अहो गुप्तेबाई, आमच्या वरच्या खोलीचं काही करता येईल का?" करखात्यातली सगळी वर्षं मी तिळगूळ असाच खाल्ला.

माझी नोकरी नगरपालिकेच्या करवसुली विभागातली. कुठली नगरपालिका, ते सांगत नाही. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या आमच्या पट्ट्यातली होती एवढं पुरे. उल्हासनगरच्या वाचकाने ती बदलापूरची समजावी आणि बदलापूरच्याने अंबरनाथची, म्हणजे कुणाच्याच पोटात दुखायचं नाही. मी स्वतः विठ्ठलवाडीला राहत होते आणि माझी घरपट्टी वेळेवर भरत होते. हे मुद्दाम सांगते, कारण आमच्या खात्यात राहून ती न भरणारेही मला ठाऊक आहेत.

ज्यांचा या खात्याशी संबंध बिलाचा कागद चुलीत घालण्यापुरता आला, त्यांच्यासाठी कामाबद्दल थोडंसं. नवं घर झालं की आम्ही टेप घेऊन जायचं, घर मोजायचं आणि त्याचा वापर कशासाठी होतो ते बघायचं. राहायचं घर असेल तर कर कमी, धंद्याची जागा असेल तर जास्त, आणि सार्वजनिक पूजेचं ठिकाण असेल तर माफ. मग बिल जातं. बिल भरलं नाही तर नोटीस, नोटिशीला दाद दिली नाही तर जप्ती. ऐकायला सोपं आहे. पण टेप घेऊन दारात उभं राहिलं की माणसाची कल्पनाशक्ती कशी फुलते, ते आम्हालाच माहीत.

एका गृहस्थांनी घराच्या एका खिडकीला मुद्दाम चौकट बसवली नव्हती. चौकट नाही म्हणजे बांधकाम अपुरं, आणि अपुऱ्या बांधकामाला कर कसला! त्या अपुऱ्या घरात दोन मुलींची लग्नं लागली, नातवंडाचं बारसं झालं, गच्चीवर टीव्हीचा अँटेना चढला, पण खिडकीला गोणपाट ते गोणपाटच. एका जीन्स शिवणाऱ्या शेठकडे गेले, तर शिलाई मशिनींच्या रांगेवर गाद्या अंथरून वर त्याची म्हातारी आई झोपलेली. "अम्मा बीमार है, मैडम, ये तो हॉस्पिटल समझो," असं तो म्हणाला. तेवढ्यात अम्माने डोळे उघडून मला चहा घेणार का विचारलं. आमच्या एका मराठी मुख्याध्यापकांच्या पडवीत चाळीस मुलं पाढे म्हणत होती. शिकवणी नव्हे हो, सगळे भाचे, सुट्टीला आलेले! तेव्हा करचुकवेगिरीत भाषा, जात, शिक्षण असा भेदभाव मी कधी पाहिला नाही.

मार्च महिना उजाडला की आमच्या खात्याच्या अंगात यायचं. वसुलीचा आकडा वर गेला पाहिजे, म्हणून थकबाकीदाराच्या दारात हलगी वाजवायची पद्धत होती. पुढे हलगीवाला, मागे आमचा शिपाई दगडू, त्याच्या मागे मी. हलगी थांबली की दगडू खणखणीत आवाजात नाव आणि थकबाकी सांगायचा. तो बदलापूरजवळच्या चामटोलीचा. घरी भाताची शेती होती आणि गळा लहानपणापासून पाखरं हाकलून तयार झालेला. चार शेजारी गोळा झाले की बहुतेक जण मुकाट्याने पैसे काढत. मला हा प्रकार कधीच आवडला नाही, पण उपयोगाचा होता हेही खरं.

नव्वदच्या दशकातल्या अशाच एका मार्चमध्ये माझ्याकडे नवा वॉर्ड आला. नगरपालिकेची निवडणूक तोंडावर होती. यादीतली एक थकबाकीदार होती सुशीलाबाई. साताऱ्याकडची, नवऱ्याच्या मागे एका खोलीत पोळीभाजी केंद्र चालवणारी. आनंदनगरच्या कारखान्यांत जाणारी कितीतरी माणसं तिच्याकडून डबा घेऊन पाळीला जात. खोलीत धंदा, म्हणून तिला कर धंद्याच्या दराने लागला होता.

आम्ही हलगी सुरू केली. सुशीलाबाई लाटणं हातात घेऊन बाहेर आली आणि हलगीवाल्याला म्हणाली, "जरा दमानं पण जोरात वाजीव की. गिऱ्हाईक येतंय."

आणि खरंच येत होतं. हलगीला जमलेल्या माणसांना तिने जागच्या जागी पोळीभाजी खपवली. दगडूने थकबाकी पुकारली, तेव्हा तिने त्याच्याही हातात गरम पोळीची गुंडाळी दिली. तो बिचारा अर्ध्या वाक्यात खायला लागला.

मी म्हटलं, "सुशीलाबाई, मस्करी नाही. नाही भरलंत तर शेगडी आणि तवे जप्त होतील."

"भरते की. मी कुठं न्हाई म्हणते?" तिने लाटण्याने समोर दाखवलं. "आधी त्यांचं घ्या. ज्या दिशी ते भरतील, त्या दिशी मी भरीन."

समोर नानाशेठचा बंगला होता. नानाशेठ म्हणजे खडीच्या खाणी, वीटभट्ट्या, बिल्डिंगा, आणि आता वॉर्डातून उमेदवार. तीन मजले, संगमरवरी जिना, गेटवर दोन सिमेंटचे सिंह. मी दगडूला विचारलं, "इथलं बिल कुठंय?"

"देवलाला कुठं बिल असतंय, बाय?" दगडू तोंडातला घास गिळत म्हणाला. "माफ हाय ते."

गेटवर 'श्री गणेश मंदिर' अशी पितळी पाटी होती. लोक ते बंगल्याचं नाव समजत होते. मीही समजले होते. कुणी घराला मातृछाया म्हणतं, कुणी श्रमसाफल्य, तसं यांनी हे ठेवलं असेल. पण ते नाव नव्हतं, तो दावा होता. फार पूर्वी पाहणी झाली तेव्हा तिथे म्हणे नुसता एक हॉल होता आणि हॉलमध्ये गणपती. देऊळ म्हणून माफी मिळाली. मग गणपतीच्या डोक्यावर मजले चढत गेले आणि माफीही त्यांच्याबरोबर वर चढत गेली.

मी आमच्या साहेबांकडे गेले. साहेब सज्जन गृहस्थ होते. सज्जन म्हणजे निवृत्तीला थोडे दिवस उरलेले.

"गुप्तेबाई, प्रत्येकाची श्रद्धा असते," ते म्हणाले.

"साहेब, या श्रद्धेला वर बेडरूम आहेत. एअरकंडिशनर लावलाय."

"निवडणूक आहे. आत्ता काढलंत तर म्हणतील राजकारण. आणि माणूस कर किती भरतो, भरतो की नाही, ही शेवटी त्याची खासगी बाब झाली. त्या पोळीवाल्या बाईची जप्ती तेवढी करून टाका."

हे खासगी बाबीचं वाक्य मी जसंच्या तसं सुशीलाबाईच्या दारात बोलून बसले. दुपारची वेळ होती, डबे घ्यायला माणसं उभी होती. त्यांच्यात लगेच चर्चा पेटली. बँकेत असलेला एक जण म्हणाला, साहेबांचं बरोबर आहे, आपण माणसाचं काम बघायचं, त्याच्या तिजोरीत डोकावायचं नाही. कारखान्यातला एक फिटर म्हणाला, नानाशेठने गटार बांधून दिलं, रुग्णवाहिका दिली, कर नसेल भरला तर नसेल, उलट हुशार माणूस आहे, निवडून आला तर आपलाही माफ करील! यावर दोघेतिघे हसले. बऱ्याच जणांना ते पटलंही होतं, हे मला त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

सुशीलाबाई पोळी उलटत ऐकत होती. म्हणाली, "त्यांची खासगी बाब. आणि माझी हलगी लावून सांगितलीत ती?"

मला खरंच लाज वाटली.

"आवो, गटार त्यांनी बांधलं म्हणता," ती पुढे म्हणाली, "पन पालिकेच्या पैशातनं बांधलं ना? त्यात माझं हायेत, ह्या भाऊचं हायेत. उद्या हाच मानूस आमचा पैसा मोजणार. सोताचा घालतो का न्हाई, एवढं तरी मला कळू दे. मग देईन त्यालाच मत. पन कळू दे."

जप्तीचं वॉरंट माझ्या पर्समध्ये होतं. शेगडी गेली की या बाईचं केंद्र बंद, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. मला वाटलं, हिच्याकडे पैसे नाहीत म्हणून ही तत्त्वाचं बोलतेय. मी हप्ते पाडून देऊ का विचारलं. तिने मान हलवली. मग मी चिडून म्हणाले, "अहो, कायद्यात ते देऊळ आहे! सार्वजनिक पूजेचं ठिकाण! मी काय करणार?"

तिचं लाटणं थांबलं. "सार्वजनिक म्हंजे?"

"म्हणजे कुणालाही दर्शनाला जाता आलं पाहिजे."

"कुणालाही?"

"कुणालाही. तरच माफी."

"मग एवढ्या दिसांत आमी गेलोच न्हाई की," सुशीलाबाई म्हणाली. "बिचारा गनपती." तिने मला पंधरा दिवसांची मुदत मागितली आणि मी ती दिली.

दोनच दिवसांनी संकष्टी होती. सकाळीच गल्लीतल्या बायका दूर्वा, जास्वंद आणि नारळ घेऊन सुशीलाबाईच्या मागे निघाल्या. मी आणि दगडू समोर होतो; आमचं काम म्हणून, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. रखवालदाराने गेट अडवलं. सुशीलाबाईने पाटीकडे बोट केलं. त्याने पाटी वाचली आणि गेट उघडलं. एवढी वर्षं तो त्या पाटीखाली बसत होता, पण वाचायची वेळ आली नव्हती.

नानाशेठ बनियन-लुंगीवर सोफ्यावर बसून पेपर वाचत होते. अचानक वीसेक बाया चपला काढून आत आल्या. एरवी त्यांनी एका हाकेत सगळ्यांना बाहेर काढलं असतं. पण समोर वॉर्डातली वीस मतं उभी होती, नवऱ्यांची वेगळी. नानाशेठ उठले, त्यांनी हात जोडले. गणपती टीव्हीशेजारच्या काचेच्या कपाटात होता. बायकांनी टीव्ही बंद करायला लावला आणि आरती म्हटली. नानाशेठने टाळ्या वाजवल्या. त्यांच्या पत्नीला, लोक ज्यांना काकी म्हणत, त्यांना तर भरून आलं. त्यांनी सगळ्यांना पेढे दिले आणि एक चूक केली. म्हणाल्या, "येत जा गं अशाच."

मग काय, गाव येत गेला.

पहाटे काकड आरतीला म्हातारे येऊ लागले. संध्याकाळी भजनी मंडळ, पेटी-मृदंगासकट. नवी लग्न झालेली जोडपी पाया पडायला आली. कुणीतरी नवस फेडायचा म्हणून दिवाणखान्याच्या दाराला भलीमोठी घंटा बांधली. प्रत्येक पोर आत जाताना ती वाजवी आणि बाहेर येताना पुन्हा वाजवी. दानपेटी नव्हती, म्हणून लोक माशांच्या काचपेटीत नाणी टाकायचे. मासे मेले. रात्रपाळी करून आलेल्या कामगारांना कळलं की तिथला संगमरवर गार आहे. देवळात टेकायला कोण मनाई करणार? दुपारी दिवाणखान्यात ओळीने माणसं घोरत पडलेली मी स्वतः पाहिली. गेटवर फुलवाली बसली, तिच्या शेजारी दोन भिकारी बसले. प्रचाराच्या बैठकीला मुंबईहून पक्षाचे कुणी मोठे पुढारी आले, तर देऊळ म्हणून त्यांनी बूट बाहेर काढले आणि देवळातून जातात तसे ते चोरीला गेले. पुढारी नानाशेठच्या स्लिपरा घालून परतले.

विरोधकांची पंचाईत झाली, कारण देवदर्शनाविरुद्ध बोलायचं कसं? नानाशेठची त्याहून मोठी. लोकांना हाकलावं तर मतं जाणार, आणि हे देऊळ नव्हे घर आहे म्हणावं तर कर येणार. साहेबांनी मला बोलावून विचारलं, "गुप्तेबाई, हे काय चाललंय?" मी म्हटलं, "श्रद्धा, साहेब." माझ्या बदलीचा कागद त्यांनी बहुधा त्याच दिवशी मनात लिहिला असावा.

मुदत संपली. मी दगडूला घेऊन जप्तीला निघाले. सुशीलाबाईने शेगडी घासून पुसून, तवे एकावर एक रचून दारात ठेवले होते. "न्या," ती म्हणाली. "आजचे डबे देऊन झाले." तिच्या आवाजात रडणं नव्हतं. रडू मला यायला लागलं. मी दगडूला म्हटलं, आधी ऑफिसात जाऊन येऊ, पंचनाम्याचे कागद विसरले. कागद माझ्या पर्समध्येच होते.

आणि ऑफिसात माझ्या टेबलासमोर काकी बसल्या होत्या. पदराने डोळे पुसत होत्या.

"घरपट्टीवाल्या बाई तुम्हीच ना? लिहून घ्या. ते घर आहे. माझं घर आहे."

मी पाणी दिलं.

"आज कुणीतरी बाई माझ्या स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, पुजारीणबाई, तीर्थ द्या. मी गाऊनवर होते हो! स्वतःच्या घरात मला केस मोकळे सोडता येत नाहीत. यांना म्हटलं, पैसे भरून टाका, तर म्हणतात निवडणूक होऊ दे. तोवर मी काय सभामंडपात राहू? काय असेल तो कर लावा. पण मला माझं घर परत द्या."

मला हसू येत होतं आणि त्या बाईची मनापासून कीवही येत होती. मी अर्ज लिहून घेतला. त्यांच्या सहीचा उपयोग होता, कारण बंगला काकींच्याच नावावर होता. साहेबांना सही करणं भाग पडलं. पाहणी झाली, मागच्या वर्षांसकट आकारणी झाली आणि पाटी उतरली.

मला वाटलं, आता नानाशेठ तोंड लपवतील. मी राजकारणात नव्हते, म्हणून मला तसं वाटलं.

नानाशेठ कर भरायला आले ते मिरवणुकीने. पुढे हलगी, आमचाच हलगीवाला, जास्त पैसे देऊन आणलेला. मागे कार्यकर्ते, गुलाल, फोटोग्राफर. चेक माझ्या हातात देताना ते दोनदा थांबले, कारण पहिल्यांदा फोटो हललेला आला. दुसऱ्या दिवशी भिंतीभिंतीवर रंगवलं होतं : 'वॉर्डात सर्वाधिक घरपट्टी भरणारे प्रामाणिक उमेदवार.' त्याच फिटरने मला थांबवून सांगितलं, "बघा मॅडम, आम्ही म्हणत नव्हतो, माणूस चोख आहे!"

मी इतकी संतापले की त्या दिवशी जेवले नाही. एवढी वर्षं बुडवलं ते कुणाला आठवेना, आणि पकडल्यावर भरलं त्याचा सत्कार!

संध्याकाळी सुशीलाबाई ऑफिसात आली. तिने कनवटीची पुरचुंडी सोडली आणि सगळी थकबाकी टेबलावर ठेवली. पै न पै.

"हे पैसे कुठून आणलेत?" मी विचारलं.

"व्हते की. पयल्यापासनं व्हते."

"मग शेगडी गेली असती तर?"

"गेली असती," ती म्हणाली. तिने पावती घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवली आणि डब्यांची वेळ झाली म्हणून निघून गेली.

नानाशेठ निवडून आले, दणक्यात. माझी बदली जन्म-मृत्यू विभागात झाली. चांगला विभाग आहे. तिथे पाहणीला गेलं म्हणून कुणी आईला मशिनींवर झोपवत नाही.

निकालानंतर मी सुशीलाबाईकडे पोळ्या घ्यायला गेले. मनात ठसठसत होतं, विचारायचं नव्हतं, तरी विचारलंच. "मत कुणाला दिलंत?"

"नानाशेठला."

"तुम्ही? त्यांनी कर भरावा म्हणून शेगडी पणाला लावलीत, आणि मत त्यांनाच?"

"मग? मी म्हनाले नव्हते, कळलं की देईन म्हणून?" तिने तव्यावरची पोळी उचलली, तूप लावलं, माझ्या डब्यात ठेवली. "बाई, उभे पाच जण व्हते. मी कर भरताना बघितला एकाला. चोर असंल, पन भरला. बाकीच्या चौघांनी भरलाय का न्हाई, ते तुमी मला सांगितलंत? तुमाला तरी ठावं हाय?"

मला ठाऊक नव्हतं. त्या चौघांत एक शांत, खादीचे कपडे घालणारे गृहस्थ होते. माझं मत मी त्यांना दिलं होतं, आणि त्यांचं बिल बघावं असं माझ्या मनातही आलं नव्हतं.

सुशीलाबाईने डब्याचं झाकण लावलं. "फुडच्या टायमाला बाकीच्यांची देवळं कुठंशी हायेत तेवढं सांगा," ती म्हणाली. "दूर्वा मी आणते."